शत्रूच्या प्रेताचा जाब

ब्रिटन आणि अर्जेंटिना यांच्यातलं फॉकलंड बेटांवरचं युद्ध जून 1982 मध्ये संपलं. काही महिन्यांनी जेफ्री कार्डोझो नावाच्या ब्रिटिश कॅप्टनच्या वाट्याला एक काम आलं. आपण होऊन कुणी मागून घेईल असं ते काम नव्हतं. अर्जेंटिनाचे कित्येक सैनिक जिथे पडले तिथेच, घाईघाईत खणलेल्या खड्ड्यांत पुरलेले होते. काही तर उघड्यावरच राहिले होते. ती सगळी प्रेतं शोधायची, उकरून काढायची आणि एका जागी नीट दफन करायची. माळावर जागोजागी सुरुंग. मेलेली बहुतेक सक्तीच्या भरतीतली, विशीच्या आतबाहेरची पोरं. अनेकांच्या गळ्यात ओळखबिल्लासुद्धा नव्हता.

कार्डोझोंनी ते काम कसं केलं, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. प्रत्येक प्रेताचे खिसे तपासले. कागद, पत्र, नाव सांगणारी एखादी वस्तू मिळते का ते पाहिलं. प्रेत कुठे सापडलं, सोबत काय होतं, सगळं लिहून ठेवलं. मग प्रत्येक प्रेत एकात एक अशा तीन पिशव्यांत गुंडाळलं, त्यावर खुणा लिहिल्या आणि फेब्रुवारी 1983 मध्ये डार्विन नावाच्या वस्तीजवळ त्यांना कॅथलिक धर्मविधीने, लष्करी इतमामाने पुरलं. ज्यांचं नाव कळलं नाही त्यांच्या शिळेवर स्पॅनिशमध्ये लिहिलं की हा अर्जेंटिनी सैनिक फक्त देवाला ठाऊक आहे. अशा बिननावाच्या कबरी एकशेवीसहून जास्त भरल्या.

कार्डोझोंवर लक्ष ठेवायला तिथे कुणी नव्हतं. एकच पिशवी वापरली असती तरी चाललं असतं. नोंदी न करता सरळ एका चरात सगळ्यांना लोटलं असतं, तरी ब्रिटनमध्ये कुणी आरडाओरडा केला नसता. युद्ध जिंकलेलं होतं, लोक आनंदात होते. पण 2008 मध्ये हुलिओ आरो नावाचे अर्जेंटिनाचे माजी सैनिक लंडनला आले. या बेटांवर ते स्वतः लढले होते. कार्डोझोंशी त्यांची गाठ पडली आणि कार्डोझोंनी आपल्या नोंदींची प्रत त्यांच्या हातात ठेवली. तिथून चक्रं फिरली. डिसेंबर 2016 मध्ये दोन्ही सरकारांचा करार झाला, 2017 मध्ये रेड क्रॉसच्या न्यायवैद्यक पथकाने कबरी उघडल्या, नातेवाइकांच्या डीएनएशी नमुने ताडून पाहिले आणि त्याच वर्षाच्या अखेरीपर्यंत 88 जणांची नावं निश्चित झाली. पुढे आणखी बरीच. मार्च 2018 मध्ये आयाबहिणी विमानाने बेटावर आल्या. पस्तीस वर्षांनी त्यांना मुलाच्या, भावाच्या नावाची शिळा पाहायला मिळाली. पिशव्या तीन होत्या आणि कागद जपून ठेवलेले होते, म्हणून हे जमलं.

आपल्याकडे शत्रूच्या प्रेताचा विषय निघाला की दोन मिनिटांत 'मरणान्तानि वैराणि' येतं. रावण पडल्यावर राम विभीषणाला म्हणतो, वैर मरणापाशी संपलं, आता याचा संस्कार कर, तो जसा तुझा तसा माझाही. त्यापाठोपाठ प्रतापगडाच्या पायथ्याची अफझलखानाची कबर येते. दोन्ही उदाहरणं मोठीच आहेत, त्याबद्दल वाद नाही. माझी अडचण वेगळी आहे. दोन्हीकडे निर्णय घेणारा माणूस थोर आहे आणि तो स्वतः तिथे हजर आहे. आजच्या युद्धात प्रेतापाशी राजा नसतो. तिथे असतो बावीस वर्षांचा एखादा शिपाई. दोन दिवस झोपलेला नसतो, जिवाभावाचा दोस्त सकाळीच गेलेला असतो आणि खिशात कॅमेऱ्याचा फोन असतो. त्याच्या मनाच्या मोठेपणावर सगळं सोडून देणं म्हणजे काहीच न करणं. त्याने काय करायचं हे आधी ठरलेलं असलं पाहिजे, आणि त्याने ते केलं की नाही हे विचारणारा कुणीतरी वर बसलेला असला पाहिजे.

ठरलेलं आहेच. 1949 च्या पहिल्या जिनिव्हा कराराची पंधरा, सोळा आणि सतरा ही कलमं वाचायला घेतली तेव्हा मला वाटलं होतं, मोठमोठे शब्द असतील. निघाली एखाद्या कार्यालयाची कामाची यादी! लढाईनंतर मृतांचा शोध घ्या, त्यांना लुटू देऊ नका. दफनाआधी शक्यतो डॉक्टरकडून तपासणी करा, मृत्यूची खातरजमा आणि ओळख पटवण्यासाठी. दुहेरी ओळखबिल्ला असेल तर अर्धा प्रेतासोबत ठेवा, अर्धा पाठवून द्या. शक्यतो प्रत्येकाला वेगळं पुरा. कबरीवर खूण करा, नोंद ठेवा, आणि ही नोंद ठेवणारं खातं लढाई सुरू होतानाच उभं करा. मृताचं मृत्युपत्र, पैसे आणि ज्यांना किंमत आहे अशा सगळ्या वस्तू मोहोरबंद पाकिटातून परत पाठवा. तिथे किमतीची व्याख्या करताना करार म्हणतो की ती बाजारातली असो की भावनेची. युद्धाच्या कायद्यात असं वाक्य लिहिणाऱ्या त्या कुणा मसुदेकाराला माझा नमस्कार.

दहनाबद्दलचा नियम तर आपल्याला बुचकळ्यात टाकणारा आहे. आरोग्याचं अगदी निकडीचं कारण असेल किंवा मृताच्या धर्माला ते धरून असेल, तरच दहन करायचं. आपल्यापैकी बहुतेकांना अग्नी हाच शेवटचा सन्मान वाटतो, मग कायद्याने त्याच्याकडे असं संशयाने का पाहावं? एक कारण धर्माचं. ज्याला आपण सन्मान म्हणतो ती दुसऱ्याला विटंबना वाटू शकते. दुसरं कारण त्या काळाचं. छळछावण्यांच्या भट्ट्या बंद होऊन जेमतेम चार वर्षं झाली होती. राख झाली की माणूस कसा मेला हे कुणालाच सांगता येत नाही. डॉक्टरी तपासणी, वेगळी कबर, नोंद हे सगळं पुन्हा एकदा या नजरेने पाहा. गोळी समोरून लागली की पाठीत, हात बांधलेले होते की मोकळे, हे प्रेतच सांगतं. शत्रूच्या प्रेताचा मान राखणं आणि आपल्या सैन्याला जाब विचारता येणं, या दोन गोष्टी त्या कलमांत एकाच दोरीने बांधल्या आहेत. प्रेत नीट जपायला जे सैन्य तयार नसतं, त्याला बऱ्याचदा त्या प्रेताने काही सांगायला नको असतं.

2005 च्या ऑक्टोबरमध्ये अफगाणिस्तानातल्या कंदाहार प्रांतात अमेरिकन सैनिकांनी तालिबानच्या दोन जणांची प्रेतं जाळल्याची चित्रफीत बाहेर आली. मुस्लिमांची प्रेतं, आणि जाळलेली. चौकशीत निष्कर्ष निघाला की जाळण्यामागे आरोग्याचं कारण होतं. म्हणजे कायद्यातली पळवाट म्हणा किंवा सोय म्हणा, ती इथे लागू झाली. पण त्याच प्रसंगी लाउडस्पीकरवरून जवळच्या गावाकडे तोंड करून तालिबानला त्या जाळण्यावरून खिजवलं गेलं होतं. आरोग्यासाठी जाळलं तर मग त्याची जाहिरात कशाला? काही जणांवर खात्यांतर्गत कारवाई झाली, फौजदारी गुन्हा कुणावर दाखल झाला नाही.

प्रेताचे तुकडे आठवण म्हणून नेण्याची खोड तर जुनी आहे आणि कुणा एका देशाची नाही. दुसऱ्या महायुद्धात पॅसिफिकमधल्या अमेरिकन सैनिकांनी जपान्यांच्या कवट्या आणि हाडं घरी पाठवली. शत्रूच्या शरीराचा कुठलाही भाग आठवण म्हणून घेऊ नये, असा आदेश नौदलाने सप्टेंबर 1942 मध्येच काढला होता. तरी 1944 मध्ये एका लोकप्रतिनिधीने राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांना जपानी सैनिकाच्या हाताच्या हाडापासून केलेला, पाकिटं उघडायचा चाकू भेट दिला. रूझवेल्ट यांनी नंतर तो परत पाठवला आणि त्याचं रीतसर दफन करावं असं सुचवलं. आदेश निघून दोन वर्षं झाली तरी वस्तू थेट राष्ट्राध्यक्षांच्या टेबलापर्यंत पोचते, यावरून त्या आदेशाची खाली काय पत्रास होती ते दिसतं. लढाई संपल्यावर जिंकलेल्यांनी हरलेल्यांना मात्र सोडलं नाही. माक्स श्मिड नावाच्या जर्मन लष्करी डॉक्टरने एका अमेरिकन वैमानिकाच्या प्रेताचं डोकं कापून, उकळून, कवटी बायकोला आठवण म्हणून पाठवली होती. डाखाऊच्या अमेरिकन लष्करी न्यायालयाने 1947 मध्ये त्याला दहा वर्षांची शिक्षा दिली. चिचीजिमा बेटावर जपानी अधिकाऱ्यांनी अमेरिकन वैमानिकांना मारून त्यांचं मांस खाल्लं होतं. ग्वाममध्ये खटला उभा राहिला तेव्हा नरमांसभक्षणासाठी कलमच नव्हतं, म्हणून खुनासोबत 'सन्मानाने दफन होऊ न देणे' असा आरोप ठेवावा लागला. लेफ्टनंट जनरल योशिओ ताचिबाना फासावर गेले. ती शिक्षा मला गैर वाटत नाही. फक्त त्याच न्यायालयांत कवट्या घरी पाठवणारे अमेरिकन कधी उभे राहिले नाहीत, हे विसरून चालत नाही.

इथे हमखास एक वाक्य ऐकू येतं: त्यांनी आपल्यांचं काय केलं ते बघा, आणि तुम्ही आम्हाला शहाणपण शिकवताय? हे वाक्य हसून टाळण्यासारखं नाही. ते म्हणणाऱ्यांत ज्यांच्या घरातलं कुणी गेलंय असे लोकही असतात. म्हणून कारगिलकडेच वळतो.

मे 1999 मध्ये गस्तीवर गेलेले कॅप्टन सौरभ कालिया आणि त्यांच्यासोबतचे पाच जवान पकडले गेले. 9 जूनला पाकिस्तानने त्यांचे मृतदेह परत दिले. भारतीय शवविच्छेदनात अनन्वित छळाच्या खुणा नोंदवल्या गेल्या. पाकिस्तानने छळाचा आरोप नाकारला, आणि त्या प्रकरणात आजवर कुणावरही खटला चाललेला नाही. एका बापाने त्यासाठी वर्षानुवर्षं दारं ठोठावली. ही बातमी तेव्हा कारगिलमधल्या प्रत्येक जवानाला माहीत होती. आणि पुढच्याच महिन्यात, जुलैत, टायगर हिलच्या लढाईत पाकिस्तानचे कॅप्टन कर्नल शेर खान (कर्नल हे त्यांच्या नावातलंच, हुद्द्याचं नव्हे) प्रतिहल्ल्याचं नेतृत्व करताना मारले गेले. तिथल्या भारतीय ब्रिगेडचे कमांडर ब्रिगेडियर एम. पी. एस. बाजवा यांनी त्यांचा मृतदेह डोंगरावरून खाली आणवला आणि परत पाठवताना खिशात एक चिठ्ठी ठेवली: हा अधिकारी फार शौर्याने लढला, त्याला त्याचं श्रेय मिळायला हवं. पाकिस्तानने शेर खान यांना निशान-ए-हैदर हे आपलं सर्वोच्च शौर्यपदक दिलं.

या चिठ्ठीची गोष्ट नेहमी दिलदारीची म्हणून सांगितली जाते. मला तिच्यात दुसरंही काही दिसतं. तोवर पाकिस्तानची अधिकृत भूमिका होती की डोंगरावर आहेत ते मुजाहिदीन, आमचं सैन्य नव्हे. आपल्याच सैन्यातल्या नॉर्दर्न लाइट इन्फन्ट्रीच्या कित्येक सैनिकांचे मृतदेह त्यांनी ताब्यातच घेतले नाहीत. भारतीय जवानांनी ते डोंगरावर इस्लामी पद्धतीने पुरले. खिशातली कागदपत्रं, पत्रं, पगारपुस्तकं हे त्या वेळी पुरावे होते. म्हणजे चिठ्ठीने एका माणसाचा सन्मान झाला आणि त्याच्या सरकारच्या खोटेपणाला मुद्देसूद उत्तरही मिळालं. आपला माणूस आपला आहे एवढंही कबूल न करणारं सरकार आणि त्याला नाव, हुद्दा, पलटण यांसह परत पाठवणारा शत्रू, यातला कोण त्या सैनिकाच्या जास्त जवळचा? प्रेताचा जाब मारणाऱ्याला विचारायचाच, पण ज्याने त्याला लढायला पाठवलं तोही त्यातून सुटत नाही.

सप्टेंबर 2019 मध्ये नियंत्रण रेषेवर पाकिस्तानी सैनिक पांढरं निशाण घेऊन आपले मृतदेह न्यायला आले, तेव्हा भारतीय बाजूने गोळी चालली नाही. त्या घटनेची चित्रफीत मी पाहिली आहे. तिच्यात प्रसंग म्हणावा असं फारसं काही नाही, दोनचार माणसं वाकून ओझं उचलतात आणि चालू लागतात. खालच्या प्रतिक्रिया मात्र वाचवत नाहीत.

युक्रेनच्या युद्धात हा व्यवहार रेल्वेगाड्यांवर गेलाय. 2022 मध्ये रशियन सैनिकांची प्रेतं युक्रेनने शीतकरण असलेल्या मालडब्यांत ठेवली होती. जून 2025 मध्ये इस्तंबूलच्या वाटाघाटींनंतर रशियाने सहा हजारांहून जास्त मृतदेह युक्रेनला दिले. पिशव्या उघडल्यावर एकाच माणसाचे अवयव वेगवेगळ्या पिशव्यांत निघाले, आणि काही मृतदेह रशियन सैनिकांचेच असल्याचं युक्रेनने सांगितलं. पिशव्या मोजल्या गेल्या, आतला माणूस मोजला गेला नाही. इस्रायल आणि हमास यांच्यात तर प्रेत हे उघडउघड सौद्याचं नाणं झालं आहे. हमासने सैनिकाचे अवशेष वर्षानुवर्षं दाबून ठेवले. तिकडे इस्रायलच्या सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये वाटाघाटींसाठी मृतदेह रोखून धरण्याची मुभा लष्कराला दिली. दोन्हीकडे एखादी आई वाट पाहत बसलेली असते आणि तिचं वाट पाहणं हेच त्या नाण्याचं मूल्य असतं. यावर आणखी लिहिण्याची माझ्यात ताकद नाही.

आता फोनकडे येतो. जानेवारी 2012 मध्ये एक चित्रफीत जगभर पसरली. अफगाणिस्तानातल्या हेल्मंड प्रांतात आदल्या जुलैमध्ये अमेरिकन मरीन सैनिक तालिबानच्या प्रेतांवर लघवी करताना दिसत होते. संताप झाला, माफ्या मागितल्या गेल्या, काही जणांना शिक्षा झाली. इथवर सगळ्यांना ठाऊक आहे. पुढचं फारसं कुणी वाचत नाही. मरीन कोअरचे प्रमुख जनरल जेम्स एमॉस यांनी खटले हाताळणाऱ्या लेफ्टनंट जनरलला आपल्याला या पोरांना चिरडलेलं पाहायचं आहे, अशा अर्थाचं बोलून दाखवलं. ते अधिकारी आधीच निकाल ठरवायला तयार नव्हते, तेव्हा प्रकरण त्यांच्याकडून काढून दुसऱ्याकडे दिलं गेलं. शेवटी 2017 मध्ये लष्करी अपील न्यायालयाने एका सार्जंटची शिक्षा रद्द केली, कारण वरून बेकायदा दबाव आला होता. म्हणजे प्रमुखाला जाब विचारण्याची एवढी घाई झाली की जाबच उडाला. घाई कशाची होती हेही उघड आहे. प्रेतं जुलैपासून तशीच विटंबित होती, राग आला जानेवारीत, जगाने पाहिल्यावर. चित्रफीत फुटली नसती, तर त्या कंपनीच्या कुणा अधिकाऱ्याने आपण होऊन चौकशी लावली असती का?

अधिकाऱ्याने विचारणं हे ऐच्छिक नाही. जिनिव्हा करारांना जोडलेल्या 1977 च्या पहिल्या अतिरिक्त प्रोटोकॉलमध्ये स्पष्ट आहे की हाताखालचा माणूस गुन्हा करतोय हे माहीत असून, किंवा कळण्यासारखी परिस्थिती असून, ज्याने तो रोखला नाही तो वरिष्ठही जबाबदार. वाचायला हे सोपं आहे. वरिष्ठ नेमका कुठवर वरिष्ठ, इथे सगळं अडतं.

ऑस्ट्रेलियाचं प्रकरण मी म्हणूनच पुन्हा पुन्हा वाचतो. त्यांच्या विशेष दलाच्या जवानांनी 2009 मध्ये अफगाणिस्तानातल्या उरुझगान प्रांतात मारल्या गेलेल्या एका माणसाचा कृत्रिम पाय तळावर आणला आणि तळावरच्या अनधिकृत दारूच्या अड्ड्यात त्यातून बिअर प्यायले. फोटो आहेत, हसणाऱ्या चेहऱ्यांचे. नोव्हेंबर 2020 मध्ये या दलाच्या अफगाणिस्तानातल्या वागणुकीच्या चौकशीचा ब्रेरेटन अहवाल आला: 23 घटनांत 39 अफगाणांना बेकायदा मारल्याची विश्वासार्ह माहिती, 25 आजी-माजी जवानांचा सहभाग. त्यातलाच एक तपशील माझ्या डोक्यातून जात नाही. मारलेल्या नि:शस्त्र माणसाशेजारी सोबत आणलेलं पिस्तूल किंवा वायरलेस सेट ठेवायचा आणि मग फोटो काढायचा. मृताचा फोटो हा ओळख पटवायचा, नोंदीचा भाग; त्याच नोंदीला खोटी साक्ष द्यायला लावली. वरच्या अधिकाऱ्यांना तो फोटो पोचत होता आणि कागद बिनचूक होता.

अहवालाने म्हटलं की वरच्या अधिकाऱ्यांना हे माहीत असल्याचा पुरावा नाही, पण आपल्या अमलाखाली जे घडलं त्याची नैतिक जबाबदारी त्यांची आहे. सप्टेंबर 2024 मध्ये संरक्षणमंत्री रिचर्ड मार्ल्स यांनी काही मोजक्या अधिकाऱ्यांना त्या मोहिमेतल्या नेतृत्वासाठी मिळालेले सन्मान काढून घेतले. यावर बरीच चिडचिड झाली. जो तिथे नव्हता, ज्याने ट्रिगर ओढला नाही, त्याचं पदक का काढता, असं माजी सैनिकांचं म्हणणं. मला ते पटत नाही. तो अधिकारी एकाही गस्तीवर नव्हता तेव्हाच त्या गस्तींच्या यशासाठी त्याला पदक मिळालं होतं. मग गस्तीतल्या खुनांच्या वेळी 'मी तिथे नव्हतो' कसं चालेल?

फौजदारी बाजू रखडतच आहे. खुनाच्या आरोपाखाली पहिली अटक झाली ती मार्च 2023 मध्ये, अहवालानंतर दोन वर्षांहून जास्त काळाने. मृतांच्या घरच्यांना भरपाई देण्यासाठी खटल्यांच्या निकालाची वाट पाहू नका, असं अहवालातच सुचवलं होतं. त्यासाठीची योजना कागदावर यायला 2024 उजाडलं. आता भरपाई द्यायची तर मेलेल्याचं नाव, गाव आणि वारस ठरायला हवेत. तो भाग आता तालिबानच्या ताब्यात आहे, आणि ज्यांनी मारलं त्यांच्या कागदोपत्री ती माणसं आजही लढाईत ठार झालेले शत्रू आहेत, शेजारी ठेवलेल्या पिस्तुलाच्या फोटोसकट.